साधे दिसते त्यामागे काय असते: डिझाइन आणि ते वापरणारी माणसे

गोव्याच्या निवडणुकांच्या इतिहासातील दोन नोंदी राजकारणाच्या अभ्यासकांइतक्याच डिझाइनच्या अभ्यासकांनाही उपयोगी आहेत. १९९९ च्या विधानसभा निवडणुकीत संपूर्ण राज्यात इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांवर मतदान झाले आणि असे करणारे गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. पुढे २०१७ मध्ये सर्व ४० मतदारसंघांत या यंत्राला व्हीव्हीपॅट जोडण्यात आले, म्हणजे आपले मत कोणाला गेले ते मतदाराला कागदी चिठ्ठीवर दाखवणारे उपकरण. त्यातही गोवा पहिलाच होता. पहिल्या बदलाने मतदाराचे काम कमी केले आणि दुसऱ्याने त्यात एका टप्प्याची भर घातली, तरीही दोन्ही बदल मतदाराच्या हिताचेच होते असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा कमी करणे बरोबर आणि एकदा वाढवणेही बरोबर, हे कसे, याचे उत्तर मिळाले की डिझाइनमधला साधेपणा म्हणजे नेमके काय ते कळते.

हा विषय आता केवळ व्यावसायिकांचा राहिलेला नाही. ‘यूएक्स’ (वापरणाऱ्याला येणारा अनुभव), ‘डिझाइन थिंकिंग’ (वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करून उपाय शोधण्याची पद्धत), ‘युजर रिसर्च’ (वापरणाऱ्यांचा अभ्यास) हे शब्द नोकरीच्या जाहिरातींत आणि महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत रोज दिसतात. आपली मुले त्यांचे अभ्यासक्रम निवडतात आणि आईवडिलांना त्यांत काय शिकवतात ते सांगता येत नाही. दुसरीकडे बँक, वीजबिल, दाखले, दवाखान्याची वेळ, सगळे मोबाइलवर आले आहे, आणि एखादा अर्ज अर्ध्यावर अडला की बहुतेक जण दोष स्वतःकडे घेतात: ‘मला यातले काही समजत नाही.’ बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो, तर ज्याने तो अर्ज रचला त्याने अर्ज भरणाऱ्या माणसाचा विचार पुरता केलेला नसतो.

## डिझाइन कशाला म्हणायचे

चित्रकाराने कॅनव्हासवर जे काढले ते पाहणाऱ्याने कसे घ्यावे, याचे बंधन चित्रकारावर नसते. चित्र न समजताही आवडू शकते. डिझाइनचे तसे नाही. डिझाइन केलेली वस्तू वापरून कोणाला तरी काहीतरी करायचे असते: दार उघडायचे असते, पैसे पाठवायचे असतात, नाटकाला वेळेवर पोहोचायचे असते. ते काम झाले नाही, तर वस्तू कितीही देखणी असली तरी डिझाइन फसलेले असते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांची हस्तपत्रिका घ्यावी. तीत देवस्थानाचे नाव, नाटकाचे नाव, कलाकार, प्रमुख पाहुणे, देणगीदार असे सगळे असते आणि प्रत्येकाला आपले नाव ठळक हवे असते. वाचणाऱ्याला मात्र आधी दोनच गोष्टी हव्या असतात, दिवस आणि पडदा उघडण्याची वेळ. या दोन गोष्टी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत गेल्या, तर वरची सारी कलाकुसर त्याच्या उपयोगाची राहत नाही. हस्तपत्रिका करणाऱ्याची खरी कसोटी रंगांच्या निवडीत तर असतेच. पण छापायला देणाऱ्याच्या मागण्या आणि वाचणाऱ्याची गरज यांतून कोणाला पुढे आणायचे, या निर्णयात ती अधिक असते.

याहून मोठे उदाहरण १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या जनमत कौलाचे आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, हा घटनात्मक प्रश्न मतदारापुढे ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ या दोन चिन्हांत ठेवण्यात आला. कौलाच्या राजकारणात येथे शिरायचे कारण नाही. घराघरांतला आणि सभांमधला सगळा वाद त्या दोन चिन्हांच्या नावाने चालला, एवढे लक्षात घेतले तरी चांगल्या मांडणीची ताकद कळते. प्रश्नाचे गांभीर्य कमी न करता तो अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही हातात देता आला.

## मतदान यंत्र जवळून पाहू

आता मतदान यंत्राकडे वळू. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ मध्ये, प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. पुढे एकाच मतपत्रिकेवर सर्व नावे व चिन्हे आली आणि शिक्का मारायची पद्धत रूढ झाली. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर बसला, तर ते मत कोणाचे यावर वाद होई आणि पुष्कळ मते बाद ठरत. मतदाराने मत ठरवलेले असे, ते द्यायला तो रांगेत उभा राहिलेला असे, आणि कागदाच्या रचनेमुळे ते मोजले जात नसे. माझ्या दृष्टीने डिझाइनच्या अपयशाचे याहून गंभीर उदाहरण क्वचितच सापडेल.

भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्यांनी हे यंत्र तयार केले आणि त्याच्या बाह्य रचनेच्या कामात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन विभागातील अध्यापकांचा सहभाग होता. १९८२ मध्ये केरळमधील परवूर मतदारसंघात काही केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. मतदाराच्या समोर जो भाग असतो त्याला मतदान एकक म्हणतात. त्यावर एका रांगेत क्रमांक, उमेदवाराचे नाव आणि चिन्ह, त्याच रांगेत एक निळे बटण आणि एक छोटा दिवा. बटण दाबले की लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. बटणांच्या बाजूला ब्रेल अंक असतात, त्यामुळे अंध मतदारही सोबत्याविना मत देऊ शकतो. चित्रे बदलणारा पडदा नाही, ‘पुढे जा’ नाही, ‘मागे या’ नाही. एका एककावर १६ बटणे असतात आणि उमेदवार जास्त असतील तर पडद्यावर दुसरे पान उघडण्याऐवजी शेजारी दुसरे एकक ठेवले जाते, म्हणजे सगळे पर्याय एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात.

नाव, चिन्ह आणि बटण एकाच आडव्या रांगेत असणे ही गोष्ट पाहताना इतकी स्वाभाविक वाटते, की तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे हेही जाणवत नाही. हाताचे बोट चिन्हावरून सरळ उजवीकडे सरकले की बटणावर येते, वाचण्याची गरज पडत नाही.

## काम नाहीसे होत नाही, ते कोणीतरी करतो

साधेपणाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की गोष्टी काढून टाकल्या की वस्तू साधी होते. संगणक-शास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी १९८० च्या दशकात याविषयी एक तत्त्व मांडले. प्रत्येक कामात गुंतागुंतीचा एक असा भाग असतो जो कमी करता येत नाही. तो वापरणाऱ्याने सोसायचा की बनवणाऱ्याने, एवढाच प्रश्न उरतो.

मडगावच्या किंवा पणजीच्या मासळी बाजारात हे रोज दिसते. इसवण (सुरमई) घेतली म्हणजे तिचे पोट साफ करणे आणि तुकडे करणे आलेच. हे काम कोणत्याही युक्तीने टळत नाही. घरी विळीवर आपण करायचे किंवा बाजारातच मासळी कापून देणाऱ्या बाईने करायचे. तिने केले की आपल्याला स्वयंपाक सोपा वाटतो, पण तिचा हात त्यात राबलेला असतो. आणि विळीला मासा लावण्यापूर्वी ती एक प्रश्न विचारते: हुमणाला (कालवणाला) की तळायला? उत्तरावर तुकड्यांची जाडी ठरते, डोके ठेवायचे की नाही हेही ठरते. न विचारता तिने कितीही सफाईने कापले असते तरी निम्म्या गिऱ्हाइकांना ते चुकीचे ठरले असते. डिझाइनमधील साधेपणा आणि वापरणाऱ्यांचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, त्या अशा एकाच कृतीत गुंतलेल्या असतात.

मतदान यंत्राचेही हेच आहे. मतदाराला एक बटण दाबावे लागते, कारण बाकीचे काम इतरांनी उचललेले असते. नियंत्रण एकक मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. त्याने आपल्याकडचे बटण दाबल्याशिवाय मतदाराकडचे यंत्र एकही मत स्वीकारत नाही, म्हणून मतदाराला ‘मी दोनदा तर दाबले नाही ना’ याची काळजी करावी लागत नाही. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन ते पुसायचे, यंत्राला मोहरा लावायच्या, शेवटी मतांचा हिशेब विहित नमुन्यात भरायचा, ही सारी गुंतागुंत मुद्दाम प्रशिक्षित माणसांकडे सोपवलेली आहे. निवडणूक कर्तव्यावर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे, तो या यंत्राला साधे म्हणणार नाही. मतदाराला मात्र ते साधे वाटते, आणि तसेच ते अपेक्षित होते.

## वापरणाऱ्यांचा अभ्यास म्हणजे काय

वस्तू ज्यांच्यासाठी आहे त्या माणसांना, त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीचे काम करताना पाहणे आणि त्यावरून रचना ठरवणे, याला युजर रिसर्च म्हणतात. यापुढे त्याला नुसते ‘अभ्यास’ म्हणू. त्यात निरीक्षण असते, बोलणे असते आणि कच्चा नमुना माणसांच्या हातात देऊन ती कुठे अडखळतात ते पाहणेही असते. सर्वेक्षणाचा कागद भरून घेणे हा त्याचा लहानसा भाग झाला, आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी उपयोगाचा.

अशा अभ्यासाने काय साधते ते जयपूर फुटच्या उदाहरणात दिसते. पाय गमावलेल्यांसाठी पूर्वी जे कृत्रिम पाय मिळत ते पाश्चात्त्य पद्धतीच्या जगण्याला धरून केलेले होते: माणूस बूट घालणार, खुर्चीत बसणार, सपाट जमिनीवर चालणार, असे त्यात गृहीत होते. आपल्याकडचा शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो आणि देवळात जाताना पायताण काढतो. पाय मिळूनही अनेकांनी तो वापरणे सोडून दिले. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्र. क. सेठी यांनी रबराचा वापर करून जो पाय तयार केला, तो घोट्याशी वाकत होता, बुटाविना वापरता येत होता, पाण्याने खराब होत नव्हता आणि स्थानिक साहित्यातून स्वस्तात बनत होता. तंत्रज्ञान म्हणून तो पूर्वीच्या पायांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा नव्हता. ज्या माणसाला तो लावायचा तो माणूस कसा बसतो हे त्यांनी पाहिले होते, एवढाच मोठा फरक होता.

## फोंड्याच्या बसस्थानकासाठी एक फलक करायचा झाला तर

आता एक काल्पनिक काम हाती घेऊ. फोंड्याच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकासाठी वेळापत्रकाचा नवा फलक करायचा आहे असे समजू. पहिला मोह संगणकापुढे बसून सुंदर तक्ता रेखाटण्याचा होतो. तो आवरावा आणि आधी सकाळच्या गर्दीत, नंतर भर दुपारी आणि शेवटी संध्याकाळी दिवेलागणीनंतर स्थानकावर उभे राहावे.

तेथे पहिली गोष्ट ही दिसेल, की फलक वाचणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ आहेत. खाजगी मिनीबसचा कंडक्टर दारात उभा राहून ‘पणजी, पणजी’ असा पुकारा करतो आणि रोजचे प्रवासी त्या आवाजावर चढतात. म्हणजे फलक रोजच्या प्रवाशासाठी नाहीच. तो आहे नवख्यासाठी, आणि रोजच्या प्रवाशासाठी केवळ तेव्हा, जेव्हा त्याची नेहमीची बस चुकलेली असते.

नवखा कोण, तेही तेथेच कळते. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाला कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जायचे असते आणि तेथून मंगेशीला. फलकावर पणजी असते, मंगेशी नसते. मंगेशी पणजीच्या वाटेवर आहे हे स्थानिकाला इतके पाठ असते की ते लिहायला हवे असे त्याच्या मनातच येत नाही. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी आलेल्या मुलाचीही हीच अडचण. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेला, कर्नाटकातून आलेला कामगार देवनागरी वाचतोच असे नाही. आणि मराठीतले डिचोली, कोंकणीतले दिवचल आणि रोमी पाटीवरचे बिचोलिम हे एकच गाव आहे, हे बाहेरच्याला कोण सांगणार?

लोक चौकशीच्या खिडकीवर काय विचारतात ते शब्दशः लिहून घ्यावे. ‘मंगेशीला जाते का?’ ‘शेवटची किती वाजता?’ ‘तिकीट इथे घ्यायचे की आत?’ हा तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पणजी-मडगावसारख्या शटल मार्गांवर तिकीट आधी खिडकीवर घ्यावे लागते आणि खाजगी बसमध्ये पैसे आत द्यावे लागतात, त्यामुळे रांगेत उभा राहून बस चुकवणारा नवखा तेथे भेटतोच. या प्रश्नांच्या नोंदीतून फलकाचा मजकूर निघतो. सुटण्याच्या वेळांच्या भल्यामोठ्या तक्त्याची गरज होती असे आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ज्या मार्गावर ठरावीक अंतराने बस असते तेथे पहिली, शेवटची आणि साधारण किती मिनिटांनी, एवढे पुरते. उलट जेथे दिवसाला मोजक्याच बस आहेत अशा आतल्या गावांसाठी एकेक वेळ लिहावीच लागते. साधेपणा सगळ्या ओळींना सारखा लावता येत नाही.

मग क्रमाचा प्रश्न येतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ वाढतो, पण पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. दर दुपटीला तो ठरावीक प्रमाणातच वाढतो. याचा आधार घेऊन ‘पर्याय कमी करा’ असे सरसकट सांगितले जाते, ते अपुरे आहे. यादीला ओळखीचा क्रम असेल, तर नजर निम्मी यादी सोडून पुढे जाऊ शकते. क्रमच नसेल, तर पहिल्या ओळीपासून प्रत्येक नाव वाचावे लागते आणि मग वेळ यादीच्या लांबीबरोबर वाढत जातो. तेव्हा पन्नास गावांची नावे पंचवीसवर आणण्यापेक्षा ती पन्नास वर्णक्रमाने लावणे आणि प्रत्येकापुढे फलाटाचा क्रमांक देणे जास्त उपयोगी. मंगेशीला जाणाऱ्याला ‘म’ शोधायचा, फलाट पाहायचा आणि चालू लागायचे. फलकावरची अक्षरे आधीपेक्षा वाढली आणि वाचणाऱ्याचे काम घटले.

यानंतर नमुना करायचा, आणि तोही कागदावर, हाताने, मोठ्या अक्षरांत. नमुना म्हणजे खऱ्या वस्तूचे स्वस्तातले रूप, चुकण्यासाठीच केलेले. तो भिंतीला चिकटवून येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाला तरी सांगावे: ‘तुम्हाला शिरोड्याला जायचे आहे असे समजा, कुठे उभे राहाल?’ आणि मग गप्प बसावे. समजावून सांगायची ऊर्मी फार जोराची असते, पण फलक लागल्यावर समजावायला आपण तेथे असणार नाही. माणसाची नजर कुठे थांबते, बोट कुठे फिरते, कोणता शब्द तो दोनदा वाचतो, हे टिपायचे. तो चुकला तर चूक फलकाची धरायची.

## पाच माणसांवरून काय कळणार?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. दुसरा माणूस काही त्याच अडचणींवर अडखळतो, काही नव्या दाखवतो. असे करत पाचव्या माणसापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात आणि त्यानंतर तेच ते दिसू लागते. म्हणून पंधरा जणांना एकदाच दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखवून दुरुस्ती करावी, नव्या पाच जणांना दाखवून पुन्हा दुरुस्ती करावी, असे तीनदा करणे अधिक फलदायी ठरते.

मात्र हे पाच जण एकाच प्रकारचे वापरणारे असतील तरच हे गणित लागू पडते. फोंड्याच्या फलकाला भाविक, विद्यार्थी, परप्रांतीय कामगार आणि चष्म्याचा नंबर वाढलेले ज्येष्ठ असे निरनिराळे गट आहेत, तेव्हा प्रत्येक गटातले तीन-चार तरी घ्यावे लागतील. शिवाय ही पद्धत अडचणी शोधण्यासाठी आहे. ‘किती टक्के लोकांना फलक आवडला’ हे पाच माणसांवरून सांगणे ही फसवणूक होईल.

## लोकांना विचारून सर्जन होते का?

कलेशी नाते असलेले लोक हा प्रश्न मनापासून विचारतात. हेन्री फोर्ड यांच्या नावावर एक वाक्य फिरते, की लोकांना काय हवे ते विचारले असते तर त्यांनी जास्त वेगाने धावणारे घोडे मागितले असते. फोर्ड तसे म्हणाल्याची कोठेही नोंद नाही. पण वाक्य बाजूला ठेवले तरी मुद्दा उरतो: लोकांना नव्या गोष्टीची कल्पना नसते, तर त्यांना विचारून नवे कसे सुचेल?

लोकांना उपाय विचारायचाच नसतो. त्यांची अडचण पाहायची असते, आणि उपाय शोधणे हे डिझाइन करणाऱ्याचे काम राहते. जयपूरच्या रुग्णांनी रबराचा पाय मागितला नव्हता. त्यांना शेतात उतरायचे होते आणि जेवताना मांडी घालायची होती. मंगेशीला जाणाऱ्या भाविकाला वर्णक्रमाची यादी सुचणार नाही. अभ्यासाने कल्पनाशक्तीला वेसण बसते असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे हे एकदा नेमके कळले की कल्पनेला काम करायला खरी जागा मिळते. रंग, आकार, अक्षरवळण, विनोद, आश्चर्य, हे सगळे तेव्हाही मोकळेच असते.

## साधे म्हणजे कोरे, निरस?

साधेपणाचा अर्थ पांढरी पार्श्वभूमी आणि बारीक करडी अक्षरे असा झाल्यामुळे हा आक्षेप येतो. जर्मन डिझाइनर डीटर राम्स यांचे ‘कमी, पण अधिक चांगले’ हे सूत्र सगळीकडे उद्धृत होते, आणि त्याचा पहिला शब्द घेऊन उरलेले तीन सोडून दिले जातात.

गोव्यात राहणाऱ्याला याचे उत्तर बाहेर शोधावे लागत नाही. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कला दोनच रंगांत चालते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. एवढ्यात वेली, मोर, देवदेवता, किनारी, सारे येते. साधन अत्यंत कमी आणि परिणाम समृद्ध.

दुसऱ्या टोकाला मारियो मिरांडा. त्यांच्या व्यंगचित्रात बाजार असेल तर त्यात पाव विकणारा, पाद्री, कुत्रा, सायकल, खिडकीतून डोकावणारी बाई, सगळे एकाच वेळी असते आणि रेघांनी कागद भरलेला असतो. तरीही नजर भरकटत नाही, कारण प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा स्वच्छ आहे आणि कोण काय करतो आहे ते क्षणात कळते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या पणजीच्या कला अकादमीत मारियोंची रेखाटने थेट नाट्यगृहाच्या भिंतींवर गेली, बाल्कनीत बसलेल्या प्रेक्षकांच्या रूपाने, आणि भव्य वास्तूतील त्या दाटीने प्रेक्षागृहाला माणसांची ऊब दिली. तेव्हा दाटी आणि साधेपणा यांचे वैर नाही. वैर आहे ते गोंधळाशी, आणि गोंधळ चार ओळींच्या सूचनेतही असू शकतो.

## मग व्हीव्हीपॅटने यंत्र अवघड केले नाही का?

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. मतदान यंत्र इतके साधे झाले होते, की मतदाराला दिव्याखेरीज आणि आवाजाखेरीज काहीच दिसत नव्हते. आपण दाबले तेच आत नोंदले गेले का, हे त्याने गृहीत धरायचे होते. मतदाराची गरज केवळ मत देण्याची नसते, आपले मत योग्य ठिकाणी गेले अशी खात्री असणे हीसुद्धा त्याची गरज असते, आणि ती गरज या साधेपणात भागत नव्हती. ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणी ही मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी अपरिहार्य आहे असे म्हटले. त्याच वर्षी नागालँडमधील नोकसेन येथे व्हीव्हीपॅटचा पहिला वापर झाला होता. बटण दाबल्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते.

यंत्र मोठे झाले, वायर वाढल्या, छपाई अडकण्याची शक्यता आली, मतदान अधिकाऱ्याचे काम वाढले. मतदाराने मात्र वेगळे काही करायचे नव्हते. फक्त पाहायचे होते. एखादी गोष्ट अनावश्यक आहे की नाही, हे वस्तूकडे पाहून ठरवता येत नाही, वापरणाऱ्याकडे पाहूनच ठरते, आणि काढून टाकलेली गोष्ट त्याला हवी होती असे दिसले तर ती परत आणावी लागते.

## वेळ आणि पैसा कुठून आणायचा?

थोडक्यात सांगायचे तर हा खर्च टळत नाही, तो केव्हा करायचा एवढेच आपल्या हातात असते. कागदावरची ओळ खोडायला पेन्सिल पुरते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून भिंतीत ठोकलेला फलक बदलायला नवी निविदा लागते. लहान संस्थेला, वाचनालयाला किंवा उत्सव समितीला यासाठी तज्ज्ञ नेमायचीही गरज नाही. हस्तपत्रिकेचा कच्चा मसुदा समितीबाहेरच्या पाच जणांना दाखवून ‘नाटक किती वाजता?’ एवढे विचारले, आणि उत्तर द्यायला कोणाला कागद उलटसुलट करावा लागला, तर छपाईपूर्वीच चूक सापडली.

## हेच ज्ञान माणसाविरुद्ध वापरले तर?

माणूस कुठे अडखळतो हे ज्याला कळते, त्याला मुद्दाम अडखळवणेही जमते. वर्गणी सुरू करायला एक स्पर्श आणि बंद करायला पाच पाने. सामानाच्या यादीत न मागता घातलेली देणगी किंवा विमा. ‘केवळ दोन खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई, जिचा अनुभव हंगामात गोव्यात येणाऱ्या पाहुण्यांना खोली शोधताना येऊ शकतो. नकाराच्या बटणावर ‘नको, मला बचतीची गरज नाही’ असे लाजवणारे शब्द. अशा रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात. यांत टेस्लर यांचे तत्त्व उलटे फिरवलेले दिसते: कंपनीला फायद्याचे काम सोपे करायचे आणि ग्राहकाच्या फायद्याचे काम मुद्दाम अवघड करून त्याच्या माथी मारायचे.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि असे १३ प्रकार नावानिशी प्रतिबंधित केले. वर दिलेली चारही उदाहरणे त्यांत मोडतात. ही तत्त्वे वस्तू आणि सेवा विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांनाही लागू आहेत, आणि कंपनी परदेशातली असली तरी ती भारतात विक्री करत असेल तर सूट मिळत नाही. असा अनुभव आला तर स्वतःला बोल न लावता पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे, तारीख आणि रक्कम लिहून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.